एफएम स्टेशन 'विकलं' गेलं म्हणजे नक्की काय बदलतं? नागपूरच्या जाहिरातदारासाठी सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. गांधीबागेत साड्यांचं होलसेल दुकान आहे. एका एफएम स्टेशनने वर्षभराचं पॅकेज देऊ केलंय आणि पूर्ण रक्कम आधी भरली तर वर काही स्पॉट (म्हणजे काही सेकंदांच्या जाहिराती) फुकट देतो म्हणतात. शेजारच्या दुकानदाराने सांगितलं, 'अहो, ते स्टेशन तर विकलं गेलंय.' तेव्हा खरा मालक कोण, तो कसा शोधायचा आणि उद्या मालक बदलला तर आपले पैसे बुडतील का? जाता जाता हेही विचारलंय की नागपूरचं एकही स्टेशन नागपूरच्या माणसाकडे का नाही.

तुमची खरी अडचण 'मालक कोण' ही नाही. बिल ज्या कंपनीच्या नावाने येतं ती कंपनी वर्षभर तुमचं देणं फेडू शकेल का, ही आहे. या दोन प्रश्नांची उत्तरं बऱ्याचदा वेगळी निघतात, कारण रेडिओत मालकी एका जागी नसते. ती चार थरांत असते.

सगळ्यात खाली ती लहर, म्हणजे फ्रिक्वेन्सी. ती कोणाच्याच मालकीची नाही. फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंगाल क्रिकेट असोसिएशनच्या खटल्यात रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचं स्पष्ट केलं. तिच्यावर दुसरा थर परवान्याचा. माहिती व प्रसारण मंत्रालय एका ठराविक कंपनीला, एका ठराविक शहरासाठी, ठराविक वर्षांसाठी तो देतं. तिसरा थर त्या कंपनीच्या भागधारकांचा. आणि सगळ्यात वर, आपल्याला ऐकू येतो तो ब्रँड. नागपूरकराला हे नासुप्रच्या (नागपूर सुधार प्रन्यासच्या) लीजवरच्या प्लॉटवरून चटकन समजेल: जमीन नासुप्रची, लीज तुमच्या नावावर, पाटी कोणतीही लावा, पण हस्तांतर करायचं तर आधी परवानगी घ्या.

शेजारी 'विकलं गेलं' म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा तिसऱ्या थरात काहीतरी घडलेलं असतं. परवाना असलेली कंपनी तीच राहते, तिचे शेअर दुसऱ्याकडे जातात. रेडिओ सिटीचं उदाहरण घ्या. परवाने म्युझिक ब्रॉडकास्ट या कंपनीकडे. जुलै २००१ मध्ये बंगळुरूत हे स्टेशन सुरू झालं, तेव्हा देशातलं ते पहिलं खासगी एफएम होतं. पुढे कंपनी गुंतवणूक फंडाकडे गेली, २०१५ मध्ये जागरण प्रकाशनाने ती घेतली आणि २०१७ मध्ये तिचे शेअर बाजारात आले. एवढं सगळं होऊनही परवानाधारक म्युझिक ब्रॉडकास्टच. नागपुरात ९१.१ ऐकणाऱ्याला यातलं काही कळलंही नसेल आणि ज्याचा जाहिरात करार चालू होता त्याचा करारही तसाच चालू राहिला असणार, कारण करार करणारी कायदेशीर व्यक्ती बदललेलीच नव्हती.

दुसरा प्रकार विलीनीकरणाचा. माय एफएमची सुरुवातीची कंपनी सिनर्जी मीडिया एंटरटेनमेंट, ती नंतर भास्कर समूहाच्या डी. बी. कॉर्पमध्ये विलीन झाली. इथे कंपनीच बदलते, पण जुन्या कंपनीचं देणं-घेणं विलीनीकरणाच्या आदेशानुसार नव्या कंपनीकडे येतं. इथे एक स्थानिक घोटाळा नेहमी होतो. भास्कर समूह म्हटलं की लोक नागपूरच्या दैनिक भास्करच्या कचेरीत चौकशीला जातात. नागपूरची आवृत्ती डी. बी. कॉर्प काढत नाही, ती वेगळ्या कंपनीची आहे. नाव एक म्हणून मालक एक असं गृहीत धरू नका.

तिसरा प्रकार ब्रँड एक आणि परवानाधारक अनेक. रेड एफएम सगळीकडे ९३.५ म्हणूनच ओळखला जातो, पण दिल्ली, मुंबई, कोलकात्याचे परवाने 'डिजिटल रेडिओ' नावाच्या कंपन्यांकडे आणि इतर अनेक शहरांचे सन समूहाशी जोडलेल्या साउथ एशिया एफएमकडे. म्हणून मुंबईतल्या कंपनीची बातमी वाचून नागपूरच्या स्टेशनबद्दल निष्कर्ष काढू नये, आणि उलटही नाही.

चौथा प्रकार मात्र तुमच्या खिशाशी थेट संबंधित आहे: कंपनी दिवाळखोरीत जाणं. बिग एफएमचा इतिहास यासाठी मुद्दाम पाहावा. परवाने रिलायन्स ब्रॉडकास्ट नेटवर्ककडे होते. मे २०१९ मध्ये म्युझिक ब्रॉडकास्टने ही कंपनी सुमारे १,०५० कोटी रुपयांच्या मूल्यांकनावर घेण्याचं जाहीर केलं, पण मंत्रालयाची पूर्वपरवानगी मिळाली नाही आणि २०२० मध्ये व्यवहार बारगळला. २०२३ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि मे २०२४ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाने सफायर मीडियाचा कंपनी ताब्यात घेण्याचा आराखडा मंजूर केला. म्हणजे 'विकलं गेलं' ही बातमी २०१९ मध्ये सगळ्यांनी वाचली, पण प्रत्यक्ष हस्तांतराचा मार्ग मोकळा व्हायला पाच वर्षं लागली आणि घेणाराही वेगळाच निघाला. घोषणा आणि हस्तांतर यांत असं अंतर पडतं ते परवान्याच्या अटींमुळे. भागधारकांच्या रचनेत मोठा बदल करायचा तर मंत्रालयाची आधी परवानगी लागते, संचालकांना गृह मंत्रालयाची सुरक्षाविषयक मंजुरी लागते, आणि स्टेशन सुरू झाल्यापासून पहिली तीन वर्षं मुख्य भागधारकाला आपला हिस्सा सोडता येत नाही.

या अटी कुठून आल्या हे समजलं तर नागपूरचं चित्रही उलगडतं. आकाशवाणी नागपूर १६ जुलै १९४८ ला सुरू झालं. १ नोव्हेंबर १९६७ ला देशात रेडिओवर जाहिराती सुरू झाल्या, त्या मुंबई, पुणे आणि नागपूरच्या विविध भारतीवरून. गांधीबाग-इतवारीतल्या व्यापाऱ्यांना रेडिओ जाहिरातीची सवय इतकी जुनी आहे, याचा मला खरोखर अभिमान वाटतो. १९९७ मध्ये आकाशवाणी प्रसार भारतीकडे आली. विविध भारतीच्या १००.६ वर जाहिरात दिली तर मालक बदलण्याची चिंताच नाही.

खासगी स्टेशनांच्या लिलावाचा पहिला टप्पा १९९९-२००० चा. ४० शहरांत १०८ फ्रिक्वेन्सी काढल्या, प्रत्यक्षात १२ शहरांत २१ स्टेशनं उभी राहिली. कारण सरळ होतं. वार्षिक शुल्क ठरलेलं आणि त्यात दर वर्षी १५ टक्के वाढ. उत्पन्न कितीही असो, शुल्क वाढतच जाणार. मुंबईत बोली ९.७५ कोटींवर गेली होती. दहाव्या वर्षी ती साडेतीनपटीच्या आसपास गेली असती. जुलै २००५ च्या दुसऱ्या टप्प्याच्या धोरणाने हे बदललं: एकदाच प्रवेश शुल्क, त्यानंतर दर वर्षी एकूण महसुलाच्या ४ टक्के किंवा त्या शहरासाठी ठरलेल्या प्रवेश शुल्काच्या १० टक्के, यांतलं जे जास्त असेल ते. परदेशी भांडवलाला २० टक्क्यांची मर्यादा, एका शहरात एका कंपनीला एकच वाहिनी. २००६ च्या लिलावातून नागपुरात रेडिओ सिटी ९१.१, रेड ९३.५, माय ९४.३ आणि मिर्ची ९८.३ आले. मिर्चीची कंपनी एंटरटेनमेंट नेटवर्क इंडिया, टाइम्स समूहातली, २००६ पासून शेअर बाजारात नोंदलेली.

२०११ च्या तिसऱ्या टप्प्याने मालकी एकवटण्याची वाट मोकळी केली. परवाना १५ वर्षांचा झाला, परदेशी भांडवल २६ टक्के आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये ४९ टक्के. एका शहरात किमान तीन वेगवेगळे चालक असतील तर एका कंपनीला त्या शहरातल्या ४० टक्क्यांपर्यंत वाहिन्या घेता येऊ लागल्या. देशभरातल्या वाहिन्यांच्या १५ टक्क्यांची मर्यादा होती, तीही ऑक्टोबर २०२२ मध्ये काढली. त्याच वेळी एकाच समूहातल्या कंपन्यांमध्ये परवाने इकडून तिकडे हलवण्यासाठी असलेली तीन वर्षांची मुदत काढून पूर्ण १५ वर्षं मुभा दिली. या शेवटच्या तरतुदीमुळे समूह तोच, ब्रँड तोच, पण परवानाधारक कंपनी वेगळी, असं तुमच्या बिलावर अचानक दिसू शकतं. घाबरण्याचं कारण नाही, पण ते लेखी घ्यायला हवं.

आता शोधायचं कसं. सुरुवात बिलापासून किंवा कोटेशनपासून करा, सेल्सवाल्याच्या कार्डापासून नको. कार्डावर ब्रँड असतो, बिलावर कंपनी. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो: पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्रासाठी २७, आणि पुढची दहा अक्षरं म्हणजे कंपनीचा पॅन. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकला की कंपनीचं कायदेशीर नाव आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे लगेच दिसतं. आता गेल्या वर्षीचं बिल शेजाऱ्याकडे असेल तर दोन्ही बिलांतले ते दहा अक्षरांचे पॅन जुळवून पाहा. पॅन तोच असेल तर फार तर भागधारक बदललेत, करार करणारी कंपनी तीच आहे. पॅन बदलला असेल तर विलीनीकरण झालंय किंवा धंदा दुसऱ्या कंपनीकडे गेलाय. मग जुन्या कंपनीशी झालेल्या कराराचं पुढे काय, हे लेखी विचारायलाच हवं. पाच मिनिटांचं काम आहे, आणि माझ्या अनुभवात दहापैकी आठ शंका इथेच मिटतात.

पॅनवरून कंपनीचं नाव कळलं की कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तिची मूळ माहिती पाहा. २१ अक्षरांच्या कंपनी क्रमांकाचं पहिलं अक्षर एल असेल तर ती शेअर बाजारात नोंदलेली, यू असेल तर नाही. पुढे राज्य आणि स्थापनेचं वर्षही त्यातच असतं. तिथेच 'चार्जेस' म्हणजे कंपनीने मालमत्ता कोणाकडे गहाण ठेवलीय तेही दिसतं. कर्ज असणं हा दोष नाही. पण स्थिती 'अ‍ॅक्टिव्ह'ऐवजी दिवाळखोरीची दिसली तर आगाऊ एक रुपयाही देऊ नका. नोंदलेली कंपनी असेल तर भागधारकांचा तक्ता दर तिमाही संपल्यावर २१ दिवसांत बाजाराच्या संकेतस्थळावर येतो. प्रवर्तकाच्या गहाण शेअरांचा रकाना त्यात आवर्जून वाचा. शेवटी, माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या संकेतस्थळावर चालू खासगी वाहिन्यांची शहरवार यादी असते. त्यात नागपूरसमोर परवानाधारक म्हणून जे नाव आहे तेच तुमच्या बिलावर आहे का, एवढं पाहायचं. नाव वेगळं असेल तर मधे एखादी जाहिरात एजन्सी किंवा विक्री करणारी भगिनी कंपनी आहे. बेकायदेशीर काही नाही, पण मग पैसे कोणाला दिलेत हे महत्त्वाचं ठरतं. एजन्सीला दिलेली आगाऊ रक्कम स्टेशनपर्यंत पोहोचलीच नाही, तर स्टेशन तुमचं देणं लागत नाही.

पूर्ण रक्कम आधी भरावी का, याचं उत्तर परिस्थितीवर आहे. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली, नफ्यात, कर्ज कमी आणि सूट भरघोस असेल तर तीन महिन्यांपर्यंत आगाऊ द्यायला हरकत नाही. वर्षभराचं मात्र मी कुणालाच सुचवत नाही. साधा हिशोब मांडून पाहू. समजा दिवसाला १० सेकंदांचे ८ स्पॉट, महिन्याला २५ दिवस, म्हणजे वर्षाला २,४०० स्पॉट. उदाहरणापुरता दर २०० रुपये धरू. रक्कम ४,८०,००० आणि १८ टक्के जीएसटी ८६,४००, एकूण ५,६६,४००. तीन महिन्यांनी कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली तर वाजलेले स्पॉट ६००, उरलेले १,८००. अडकलेली रक्कम ३,६०,००० आणि त्यावरचा कर ६४,८००, म्हणजे ४,२४,८००. त्या कराचं इनपुट क्रेडिटही सेवा मिळाल्याशिवाय पक्कं होत नाही, हे तुमचे सीए सांगतीलच.

अशा वेळी स्टेशन बंद पडत नाही, आणि म्हणूनच लोक गाफील राहतात. कायद्यानेच प्रक्रिया चालू असताना केवळ दिवाळखोरीच्या कारणावरून परवाना रद्द करता येत नाही, चालू देणी भरली जात असली की झालं. आरजे नेहमीसारखा बोलतोय, गाणी वाजताहेत, पण तुमचा आधीचा अ‍ॅडव्हान्स हा आता एक दावा झालेला असतो. सेवेसाठी आगाऊ रक्कम देणाऱ्यालाही व्यवहारी धनको (म्हणजे धंद्याच्या व्यवहारातून येणं असलेला) म्हणून दावा करता येतो हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये मान्य केलंय. त्यासाठी फॉर्म बी भरून, बिलं, बँकेची नोंद, रिलीज ऑर्डर (जाहिरात वाजवण्याची लेखी ऑर्डर) आणि वाजलेल्या स्पॉटची प्रमाणपत्रं जोडून निराकरण व्यावसायिकाकडे, म्हणजे दिवाळखोरीच्या काळात कंपनी सांभाळणाऱ्याकडे, द्यावं लागतं. जाहीर सूचना वर्तमानपत्रात आणि दिवाळखोरी मंडळाच्या संकेतस्थळावर येते, तिच्यात शेवटची तारीख असते. ती चुकवू नका. आराखडा एकदा मंजूर झाला की त्यात नसलेले दावे संपतात, हे २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठाम सांगितलंय. नवा मालक आल्यावर 'आमचे स्पॉट उरलेत' म्हणून गेलात तर तो हात वर करतो, आणि कायदा त्याच्या बाजूने असतो.

दिवाळखोरी नसली, नुसता मालक बदलला, तरी एक गोष्ट हमखास गळते: तोंडी कबूल केलेले फुकट स्पॉट. कारण साधं आहे. घेणारा पक्ष आधी हिशोबाची तपासणी करतो. विकलेला पण अजून न वाजलेला वेळ त्याला वहीत देणं म्हणून दिसतो. सेल्सवाल्याने फोनवर कबूल केलेले स्पॉट कुठल्याच वहीत नसतात. तो माणूसही बहुधा नव्या मालकाच्या पहिल्या सहा महिन्यांत दुसरीकडे गेलेला असतो. म्हणून बोनस असो, आरजे मेन्शन असो की दुकानातून लाइव्ह कार्यक्रम असो, प्रत्येक गोष्ट रिलीज ऑर्डरवर शून्य रुपये दराने, संख्या आणि वेळेच्या पट्ट्यासह लिहून घ्या. 'दिवसभरात कधीही' असं लिहिलं तर ते रात्री साडेअकराला वाजतील. सकाळी ७ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ९ यांत किती टक्के, हे आकड्यात हवं.

करारात आणखी दोन वाक्यं मागा. पहिलं: परवानाधारक कंपनी, तिचं नियंत्रण किंवा ब्रँडचं नाव बदललं तर उरलेला वेळ त्याच दराने पूर्ण केला जाईल किंवा ३० दिवसांत उरलेली रक्कम परत मिळेल. दुसरं: दर महिन्याचं बिल त्या महिन्यात वाजलेल्या स्पॉटच्या तारीख-वेळेसह प्रमाणपत्रासोबतच स्वीकारलं जाईल. दुसरं वाक्य मालकीशी संबंधित वाटत नाही, पण दावा करायची वेळ आली की किती वाजलं आणि किती उरलं याचा तोच एक पुरावा असतो. नागपूरचं सेल्स ऑफिस 'हे मुंबईहून मंजूर होत नाही' म्हणेल. मग आगाऊ रक्कम एका महिन्यावर आणा आणि सूट थोडी कमी घ्या. माझ्या मते तोच सौदा तुमच्या आकाराच्या दुकानासाठी बरा. आणि पैसे देताना बिलावर २ टक्के टीडीएस कोणत्या पॅनवर कापला जातोय तेही बघा, तो वर जुळवलेल्याच पॅनवर हवा.

राहिला शेवटचा प्रश्न, नागपूरचा मालक का नाही. दुसऱ्या टप्प्यात नागपूर 'ए' वर्गात होतं, म्हणजे २० लाखांच्या वरच्या लोकवस्तीचं शहर. त्या वर्गात १० ते ३० किलोवॉटचं प्रक्षेपण आणि त्या मानाने शुल्क. प्रक्षेपणाची सामायिक यंत्रणा आणि प्रसार भारतीच्या टॉवरचं भाडं हे खर्च एका शहराच्या कंपनीलाही तेवढेच पडतात. पण देशभरच्या जाहिरातदाराकडून मिळणारा पैसा वीस-तीस शहरं असलेल्या साखळीकडेच जातो, कारण त्याला एकाच रिलीज ऑर्डरमध्ये सगळी शहरं हवी असतात. त्यात बातम्यांना बंदी. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावण्यापलीकडे खासगी एफएमला काही करता येत नाही, आणि बातमीची जाण हीच तर इथल्या माध्यम घराण्यांची ताकद होती. दूरसंचार नियामकाने सप्टेंबर २०२३ मध्ये तासाला १० मिनिटं बातम्यांना मुभा द्यावी आणि वार्षिक शुल्क प्रवेश शुल्काशी न जोडता फक्त महसुलाच्या ४ टक्के ठेवावं, अशी शिफारस केली. ऑगस्ट २०२४ मध्ये मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांतल्या ७३० वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली, त्यांच्यासाठी शुल्क तसंच ४ टक्के ठेवलं. यादीत वर्धा, चंद्रपूर, यवतमाळ, गोंदिया, अचलपूर आहेत. लहान शहरांच्या 'सी' आणि 'डी' वर्गांसाठी १ कोटी निव्वळ मालमत्तेची कंपनी पुरते. विदर्भातल्या कुणाला स्वतःचं स्टेशन हवं असेल तर ही वाट नागपूरच्या वाटेपेक्षा कितीतरी सोपी आहे. ट्रस्ट किंवा संस्थेला मात्र व्यावसायिक परवाना मिळत नाही. तिने सामुदायिक रेडिओकडे जावं. नोंदणी किमान तीन वर्षं जुनी हवी, परवाना विकता येत नाही, आणि २०२४ पासून तासाला १२ मिनिटं जाहिराती घेता येतात.

तुमच्या वर्षभराच्या करारावर याचा परिणाम नाही. पण पुढे दोन-तीन वर्षांचा करार समोर आला तर एक तारीख लक्षात असू द्या: दुसऱ्या टप्प्यातून तिसऱ्यात आलेल्या स्टेशनांची १५ वर्षं १ एप्रिल २०१५ पासून मोजली जातात, म्हणजे ३१ मार्च २०३० ला संपतात. त्या तारखेपलीकडचा एकही स्पॉट आज विकत घेऊ नका.